नाडा आला

“भरत्या, घात झाला. नाडा इसरला,” मामा फोनवर ओरडला.

मी लॉजच्या बेसिनपाशी दात घासत होतो. हात ओले म्हणून फोन स्पीकरवर टाकून साबणाच्या वडीशेजारी ठेवला होता. मागच्या पलंगावर सयाजी खराडे पालथा पडला होता. ‘नाडा’ हा शब्द कानावर पडताच तो ताडकन उठून बसला. आदल्या चार दिवसांत त्यानं सगळी शर्यत मागं टाकली होती, पण एवढी चपळाई त्यातही दिसली नव्हती.

“कोण आलंय? खाली आलेत काय?”

“कोण नाही रे. मामाचा दोर राहिलाय.”

सयाजी पुन्हा आडवा झाला. उठताना छातीवर ठेवलेला हात मात्र त्यानं काढला नाही.

ह्या शब्दाचं आधीच सांगून टाकतो. खेळाडूंनी ताकदीसाठी काही टोचून घेतलंय का, हे तपासणारी एक संस्था दिल्लीला आहे. तिच्या इंग्रजी नावाची आद्याक्षरं जुळवली की ‘नाडा’ होतं. ज्यानं ती जुळवली त्याच्या घरी मराठी बोलत नसणार. आमच्याकडं नाडा लेंग्याला असतो. आणि तवनाप्पामामाच्या लेखी नाडा म्हणजे मोटेचा जाड दोर. मोटा गेल्या, विहिरींवर पंप बसले, मामानं शेतीला जोडून मंडपाचा धंदा काढला, तरी मनगटाएवढा दोर दिसला की त्याच्या तोंडून नाडाच निघायचं. आमच्या शर्यतीच्या शेवटाला जी कमान उभारतात, तिचं कंत्राट मामाकडं होतं.

“मग आता?” मी विचारलं.

“आता काय? बांबू आंबा घाटात वर येऊन पडल्यात, कापड आलंय, पावण्याच्या फोटूला हार आलाय.”

“मामा, फोटोला हार घालू नकोस. पाहुणे जिवंत आहेत.”

“बरं, खिळ्याला अडकवतो. नाडा कोल्हापूरच्या यष्टीत टाकाय सांगितलाय. दुपारपातूर यील. मागल्या साली सुतळीवर भागवलं आन् काय झालं, म्हाईत हाय न्हवं?”

माहीत होतं. मागल्या साली कमान सुटून प्रमुख पाहुण्यांच्या अंगावर आली होती. त्यांनी उरलेलं भाषण कापडाच्या आतून पूर्ण केलं.

“मामा, एक ऐक. आजचा दिवस फोनवर दोर म्हण. इथं नाडा म्हटलं की पोरांच्या पोटात गोळा येतो.”

“नाड्याला नाडा न्हाई म्हणायचं, तर काय टाय म्हणायचं?” म्हणून मामानं फोन ठेवला.

मी चूळ भरायला वाकलो, तर सयाजी शेजारी येऊन उभा राहिला आणि बेसिनवर वाकला. नाकातून रक्त येत होतं. हे आता रोजचं होतं. पण त्या दिवशी ते नीट गळतही नव्हतं. काकवीसारखं लोंबत होतं.

“सयाजी, हे रक्त बाटलीत भरून गुळाच्या दुकानात ठेवलं तर खपेल.”

तो हसला नाही. आरशातून माझ्याकडं बघत राहिला.

आमच्या संघाचं नाव भूवर्धिनी. पिकांचं टॉनिक करणारी कंपनी आमची मालक. पगारी संघ, पाच जणांचा. जर्सीच्या पाठीवर मोठ्या अक्षरात लिहिलेलं असायचं : ‘एक फवारणी, दुप्पट वाढ’. ही जाहिरात होती, पण आमचे कोच लठ्ठे सर तिच्यावर मनापासून विश्वास ठेवायचे. सर अंगानं सुतळीएवढे. त्यांच्याकडं एक निळा थर्मास असायचा. त्यात बर्फ, आणि बर्फात इंजेक्शनं. रक्तातल्या तांबड्या पेशी वाढवणारं औषध असायचं ते. पेशी वाढल्या की दम वाढतो, दम वाढला की घाट लहान होतो. त्याला सर ‘फवारणी’ म्हणायचे. “आज फवारणी आहे, जेवून घ्या,” असं ते जिन्यातूनसुद्धा बिनधास्त ओरडायचे. लॉजवाल्यांना वाटायचं, काय कष्टाळू शेतकरी आहेत.

मी संघाचा पाणक्या. सायकलच्या शर्यतीत पाणक्या लागतो. मागच्या गाडीपाशी जायचं, बाटल्या घ्यायच्या, जर्सीत पाठीला कोंबायच्या, जोर करून पुन्हा घोळक्यात यायचं आणि आपल्या मुख्य गड्याला पाणी द्यायचं. मुख्य गडी सयाजी. जिंकणं हे त्याचं काम, त्याला तहानलेला न ठेवणं हे माझं. मी आणि तो एकाच गावचे, एकाच शाळेत एकाच सायकलवरून डबलसीट गेलेलो. तेव्हाही पॅडल तोच मारायचा आणि दप्तरं मी धरायचो.

मला कधी फवारलं नाही. पहिल्या वर्षी मी स्वतःहून विचारलं, तर सर म्हणाले, “मगदूम, बांधावरच्या गवताला कोण औषध मारतं का?” मला वाईट वाटलं. पंगतीत आपलं एकट्याचं पान वगळून वाढपी पुढं गेला की वाटतं, तसं. पुढच्या वर्षी वाईट वाटायचं थांबलं. सयाजीच्या आधी दिग्विजय नावाचा आमचा मुख्य गडी होता. तो एका सकाळी उठलाच नाही. चोविशीतला पोरगा. घरच्यांना सांगितलं, हार्ट. औषधानं रक्त घट्ट झालं की झोपेत ते पुढं सरकत नाही, हे आम्हा सगळ्यांना माहीत होतं आणि कुणी बोललं नाही. त्याची सायकल मला मिळाली. मी सीट तेवढी खाली घेतली. बाकी सगळी त्याचीच.

“सयाजी, आज नको जाऊस,” मी म्हणालो. “ताप आला म्हणून सांग. मी सांगतो पाहिजे तर. कांजिण्या म्हणतो. तुझ्या तोंडावर मी स्केचपेननं ठिपके काढून देतो.”

“आजचा एक दिवस.” त्यानं नाकात कापूस कोंबला. “दोन मिनिटांनी पुढं आहे मी. आज वर पोचलो की शर्यत आपली. खेळाडूंच्या कोट्यातली नोकरी नक्की झालीय. बाबांनी पेढे वाटलेत गावात.”

“पेढे परत मागायला मी जातो.”

“हेच तुझं.” तो वळला. “तुझं खरं कुठलं आन् थाप कुठली, कळतच नाही माणसाला. आता मला डावी भुवई बघून कळतंय. थाप मारतोस तेव्हा उडती ती.”

मी आरशात पाहिलं. भुवई खरंच वर होती.

दारावर टकटक झाली. लठ्ठे सर थर्मास घेऊन आत आले. सयाजीच्या नाकातला कापूस त्यांनी पाहिला आणि न पाहिल्यासारखं केलं.

“खराडे, आज डबल. शेवटचं पाणी आहे पिकाला. मगदूम, तू बाहेर थांब. आणि बाटल्या धुतल्यास का?”

मी बाहेर थांबलो. बाटल्या धुतलेल्या होत्या.

शेवटचा टप्पा रत्नागिरीहून आंब्यापर्यंत होता. पाली, साखरपा आणि मग आंबा घाट, तोही कोकणाकडून वर. एप्रिलचं ऊन. डांबर मऊ झालेलं. घोळक्याच्या पुढं आयोजक तात्या सरनोबतांची उघडी जीप चालायची आणि तिच्यावर भोंगा. तात्या मागच्या सीटवर माईक धरून बसलेले. “सायकलपटू येत आहेत, म्हशी आत घ्या. सायकलपटू येत आहेत, कोंबड्यांकडं लक्ष द्या.” अख्ख्या रस्त्यानं हेच चाललं होतं. साताऱ्याचा एक गडी ह्या आवाजाला एवढा कावला होता, की त्यानं दोन्ही कानांत कापसाचे बोळे घातले होते. हे बोळे लक्षात ठेवा.

साखरप्यापर्यंत मी चारदा पाणी आणलं. सयाजी पीत नव्हता, डोक्यावर ओतून घेत होता. ओठ जांभळे पडले होते. एरवी चढ दिसला की तो हँडल असं धरायचा जसं बैलाचं शिंग धरावं. आज त्याचे हात हँडलवर नुसते ठेवलेले होते. नाकातला कापूस लाल होऊन पडला होता आणि वरच्या ओठावर वाळलेली एक रेघ होती.

“पाणक्या,” तो एकदा म्हणाला, “बोटं कळंनात मला.”

“दहाच्या दहा आहेत. मी मोजतोय.”

समोर डोंगर भिंतीसारखा उभा राहिला. पहिलं वळण दिसायला लागलं. रस्त्याच्या दोन्ही अंगांना काजूच्या बागा, लाल-पिवळी बोंडं लगडलेली. आणि त्याच वेळी पुढच्या जीपमध्ये तात्यांचा फोन वाजला. तात्यांनी एका हातात माईक, दुसऱ्या हातात फोन धरला, फोन स्पीकरवर टाकला आणि माईक बंद करायचा विसरले.

“हॅलो! कोण? हां, बोल! काय आला? नाडा आला?”

भोंग्यातला तो शब्द डोंगरावर जाऊन आपटला आणि परत आला. नाडा आला. डा आला. आला.

“आला हो तात्या! आत्ताच उतरून घेतला! कोल्हापूरच्या गाडीनं आला!” पलीकडचा आवाज फाटका, खरखरत येत होता.

“किती हैत?”

“दोन! एक जुना, एक नवा कोरा!”

“जुना कशाला?”

“जुन्याची पकड चांगली असती!”

“बरं. पोरं घाटाला लागल्यात, तयारीत राहा. मागल्या साली सुटलं तसं ह्या साली सुटता कामा नये, सांगून ठेवतो! इज्जत गेली माझी!”

“आता सुटतंय व्हय! दोन्ही बाजूंनी आवळतो! हलूच देत न्हाई!”

मग नुसती खरखर झाली. घोळक्यात एकदम शांतता पसरली. नुसत्या साखळ्यांचा आवाज. त्या शांततेत भोंग्यातून आणखी एक तुकडा पडला : “...आन् भरत्याला म्हणावं, मामीनं धपाटे दिल्यात...” आणि फोन बंद झाला.

पण तोवर कुणी धपाट्यांकडं लक्ष देण्याच्या अवस्थेत नव्हतं.

सगळ्यात पुढच्या गड्याचं चाक पंक्चर झालं. म्हणजे त्यानं खाली उतरून, इकडंतिकडं बघून, व्हॉल्व उघडून ते केलं. त्याच्या मागच्याला दोन्ही पायांत एकदम पेटके आले आणि त्या पायांनी तो सायकल खांद्यावर टाकून, कुंपणावरून उडी मारून, काजूच्या बागेत पळत गेला. एका संघातल्या सगळ्यांना एकाच क्षणी लघवीला झाली. एकाची आजी सिरियस झाली. चालत्या सायकलवर ही बातमी त्याला कुठून मिळाली, हे कुणी विचारलं नाही. सगळ्यांनी सहानुभूतीनं माना हलवल्या आणि आपापली आजी आठवायला लागले. आमच्या संघातले उरलेले तिघं एका मोरीखाली शिरले आणि त्यांची ‘एक फवारणी, दुप्पट वाढ’ अशी ओळीनं तीन पाठी मोरीच्या अंधारात जाताना मी पाहिली. मागून लठ्ठे सरांची गाडी जोरात वळली. काच खाली झाली आणि निळं काहीतरी दरीत गेलं.

साताऱ्याचा गडी एकटाच मान खाली घालून शांतपणे चढाला लागला. त्याच्या कानांत बोळे होते.

सयाजी थांबला नव्हता. त्याचे पाय फिरत होते, सवयीनं. मी त्याच्या शेजारी आलो.

“भरत्या.”

“काय?”

“सकाळी तुझा मामा दोराचं बोलत होता न्हवं? हा आवाज...” त्याला वाक्य पुरं करायला दम पुरेना. “तोच हाय का?”

त्याच्या तोंडाकडं मी पाहिलं. समोर घाट होता. ह्या चढाच्या अर्ध्यात काय होणार, हे मला दिसत होतं, कारण मी बसलो होतो ती सायकल दिग्विजयची होती. आणि एवढं एकच उत्तर द्यायचं होतं. होय म्हटलं असतं, तर तो हसला असता, शेवटचं पाणी अंगात होतंच, सगळे पळालेले, तो एकटा वर गेला असता. विजेत्याची पिवळी जर्सी, नोकरी, पेढे. तोंडात किमान तीन विनोद तयार होते. मी एकही सोडला नाही.

“मामाचा दोर मघाशीच पोचला,” मी म्हणालो. “निघताना मेसेज आला मला. हे दिल्लीचे आहेत. वर चौघं बसलेत, खुर्च्या टाकून. पहिला येईल त्याला आधी धरणार. उतर, सयाजी.”

तो माझ्याकडं बघत राहिला. डोळ्यांकडं नाही, जरा वर. मग त्यानं ब्रेक दाबला.

काजूच्या एका झाडाखाली मी त्याला बसवलं. बसवलं म्हणजे तो सायकलवरून उतरला आणि पाय दुमडून खालीच गेला. मानेवर पाणी ओतलं. बागेची मालकीण, पदर खोचलेली एक बाई, हातात कोयती घेऊन आली.

“काय हो, ही काय रीत झाली? माझी बाग म्हणजे काय तुमची मुतारी? तिकडं बघा, कलमांच्या खाली पोरंच पोरं! विचारलं तर म्हणतात पोट दुखतंय!”

“ह्याचं खरंच दुखतंय, मावशी. छाती दुखतेय.”

तिनं सयाजीचे ओठ पाहिले आणि कोयती खाली ठेवली. घोळक्याच्या मागून येणारी अँब्युलन्स थांबवायला ती स्वतः रस्त्याच्या मधोमध जाऊन उभी राहिली. अँब्युलन्सवाल्यांना कोण उतरलंय, कोण पडलंय, काही कळत नव्हतं. तिनं त्यांना हाताला धरून आणलं.

“तू वर जा,” सयाजी डोळे मिटून म्हणाला.

“मी येतो तुझ्याबरोबर.”

“तुला कोण धरतंय? तू बांधावरचं गवत. जा. आपल्या गावचं कुणीतरी वर जाऊ दे.”

मी गेलो. पाठीला बाटल्या तशाच होत्या. पाणी प्यायला कुणी नव्हतं आणि तरी मी पाणी नेत होतो.

घाटात मधल्या एका वळणावर मी साताऱ्याच्या गड्याला गाठलं. त्याची जीभ बाहेर आली होती. मी सवयीनं बाटली काढून त्याच्या हातात दिली. त्यानं अर्धी पिऊन मग माझी जर्सी पाहिली आणि दचकला. प्रतिस्पर्ध्यानं पाणी द्यावं, असं त्याच्या आयुष्यात झालं नव्हतं. माझ्याही. आम्ही दोघं शेजारीशेजारी चढत राहिलो. रस्त्यावर दुसरं कुणी नव्हतं. माकडं होती.

शेवटच्या वळणावर त्यानं पहिल्यांदा मागं वळून पाहिलं.

“बाकीची कुठं गेली?” तो ओरडला. बोळ्यांमुळं त्याला वाटत होतं आपण हळू बोलतोय.

“पोट दुखतंय त्यांचं!”

“काय?”

“पोट!”

“कुणाचं?”

“सगळ्यांचं!”

तो ह्याच्यावर विचार करायला लागला आणि त्याचे पाय क्षणभर थांबले. त्या क्षणात मी एका चाकानं पुढं गेलो आणि शर्यतीचा तो टप्पा जिंकलो.

जिंकणारे रेषेवर दोन्ही हात वर करतात, हे मी मागून अनेकदा पाहिलं होतं. मीही केले. माझ्या दोन्ही हातांत बाटल्या होत्या. दुसऱ्या दिवशीच्या पेपरातला फोटो बघून कंपनीच्या एका डीलरनं विचारलं, हा आपलं टॉनिक दाखवतोय काय.

कमानीखाली मामा स्टुलावर चढला होता. दाताखाली दोराचं टोक.

“आरं थांब की! एक गाठ ऱ्हायलीय!” तो ओरडला. मग मी एकटाच दिसल्यावर म्हणाला, “एवढ्या लवकर कसा? आन् बाकीची?”

बँडवाले तयारीत होते, पण कुणासाठी वाजवायचं हे त्यांना कळेना. त्यांनी थोडं वाजवून बघितलं आणि थांबले. प्रमुख पाहुणे कमानीपासून सुरक्षित अंतरावर उभे होते. तेवढ्यात लठ्ठे सरांची गाडी आली. सर घामानं भिजले होते.

“कुठायत? नाडा कुठाय?”

मामानं दाताखालचं टोक काढून त्यांच्या हातात दिलं. “ह्यो काय. वढून बघा. सुटत न्हाई.”

सरांनी ते टोक धरलं. खरंच ओढून बघितलं. मग ते टोक हातात तसंच धरून खाली दगडावर बसले. पंधरा-वीस संघांचे कोच एकामागून एक वर येत गेले, आणि प्रत्येकानं हाच प्रश्न विचारला, आणि मामानं प्रत्येकाला दोर दाखवला. संध्याकाळपर्यंत मामा वैतागला. “भरत्या, ह्या लोकांनी आयुष्यात दोर बगितला न्हाई काय रं?”

तरीही कदाचित मिटलं असतं. पण बागेची मालकीण तक्रार घेऊन वर आली आणि पत्रकारांनी तिला घेरलं. तिच्यामागून वनखात्याचा एक गार्ड आला, हातात निळा थर्मास. सरळ आमच्या सरांकडं गेला. थर्मासवर भूवर्धिनीचा स्टिकर होता, पत्त्यासकट.

“साहेब, दरीत पडला होता. आत औषध आहे. गार आहे अजून,” तो म्हणाला. त्याला वाटलं, बक्षीस मिळेल.

एकाही गड्याची चाचणी न होता अख्खी शर्यत पकडली गेली, असं त्या दिवशी झालं. बारा-पंधरा दिवसांनी खऱ्या चाचण्या झाल्या. बंदी आली, कुणावर दोन वर्षं, कुणावर चार, लठ्ठे सरांवर कायमची. दिग्विजयच्या मृत्यूचा कागद पुन्हा काढला गेला आणि त्याच्या आईला पहिल्यांदा कुणीतरी खरं सांगितलं. भूवर्धिनीनं संघ बंद केला. मला एका गांडूळखत कंपनीनं बोलावलं. त्यांच्या कॅलेंडरवर मी वर्षभर होतो : ‘शंभर टक्के सेंद्रिय सायकलपटू’. शेजारी गांडुळाचं चित्र. माझ्यापेक्षा त्याचा फोटो चांगला आला होता.

सयाजीनं चौकशीत सगळं स्वतःहून सांगितलं. पिवळी जर्सी गेली, नोकरी गेली, चार वर्षं गेली. त्या रात्री रत्नागिरीच्या दवाखान्यात त्याचं रक्त काढून सलाइन लावलं होतं. तिथल्या डॉक्टरीणबाईंनी मला बाहेर बोलावून विचारलं होतं, “हा घाट चढणार होता?” मी होय म्हटलं. त्यांनी चष्मा काढून पुसला. मामा तिथंच बाकावर धपाट्यांचं फडकं मांडीवर घेऊन बसला होता. बाई आत गेल्यावर तो हळूच म्हणाला,

“बरं झालं उतरला. न्हाईतर बांबू माझंच, नाडा माझाच, निस्तं काम बदललं असतं.”

मामा विनोद करत नव्हता. त्याला ते जमत नाही.

सयाजीनं त्या दिवसाबद्दल मला कधी विचारलं नाही. मी धरून चाललो होतो, त्याला वाटतंय मीही सगळ्यांसारखाच फसलो. मी ते तसंच राहू दिलं. माणूस जिवंत आहे, तर तपशिलात कशाला शिरा.

आता मामाचे गुडघे गेलेत. मंडप मी बघतो. बंदी संपल्यावर सयाजीनं आमच्या गावात पोरापोरींचा सायकल क्लब काढला. त्याच्या क्लबात फवारणी हा शब्द उच्चारला तरी मैदानाला दोन फेऱ्या. शेतकऱ्यांची पोरं असल्यामुळं ती रोजच फेऱ्या मारतात. गेल्या माघात त्याची पहिली शर्यत होती. गावच्या वेशीत कमान मी बांधत होतो आणि शिडी सयाजी धरून होता. दोर कमी पडला. मी गोडाऊनला फोन केला, आणि थोड्या वेळानं टेंपोतून गडी ओरडला, “मालक, नाडा आला!”

मी खाली पाहिलं. सयाजी वर बघत होता.

“भरत्या,” तो म्हणाला, “दिल्लीहून चौघं आले होते न्हवं त्या दिवशी? खुर्च्या टाकून?”

“होय की.”

“आन् येताना तुझ्यासाठी धपाटे घेऊन आले होते.”

माझ्या हातातला दोर तसाच राहिला.

“तू ऐकलं होतंस?”

“भोंगा होता. बहिऱ्यानंही ऐकलं असतं.”

“मग उतरलास कशाला? तुला माहीत होतं, वर कोणी नाही. एकटा होतास. जिंकला असतास.”

सयाजीनं शिडीचा पाय जरा सरकवून मातीत नीट रोवला. हलवून बघितला.

“थाप मारत होतास,” तो म्हणाला. “आन् भुवई उडाली नाही तुझी. तेव्हा भ्यालो मी.” मग त्यानं दोराचं टोक वर फेकलं. “धर. आवळ नीट.”